माहितगार क्रमांक चार

६ जानेवारी

आज विभागात पार्सल आलं. आमच्या विभागाला पार्सल येणं इतकं नवलाचं की शिपायाने ते आधी वनस्पतिशास्त्राकडे नेऊन दिलं, आणि तिथल्या बाईंनी बियाणं समजून दोन दिवस कोरड्या जागी ठेवलं. निघालं पुस्तक. तिकडच्या मोठ्या विद्यापीठातल्या मोठ्या प्राध्यापकांचं, छोट्या देशांच्या परराष्ट्र धोरणावरचं. तिकडच्याच एका नियतकालिकाने परीक्षण लिहायला पाठवलंय.

पहिलं प्रकरण वाचता वाचता चहा गार झाला. त्यांचं म्हणणं असं: आजवर आपण मानत आलो की छोट्या देशापुढे दोनच वाटा असतात. बलाढ्याच्या पंखाखाली जायचं, नाहीतर दुसऱ्या बलाढ्याला जवळ करून पहिल्याला रोखायचं. पण तिसरीही वाट आहे. छोटा देश ‘हो’ म्हणतो आणि करत नाही. समिती नेमतो, नकाशे मागवतो, नकाशे परत पाठवतो, मोठ्याचं सरकार बदलेपर्यंत वेळ काढतो. याला त्यांनी ‘स्ट्रॅटेजिक डिफरल’ असं भारदस्त नाव दिलंय.

हे तर आमच्या सरांचं. सरांनी याला ‘बघू’ म्हटलं होतं. ‘बघूचं परराष्ट्र धोरण’ हा त्यांचा लेख विभागाच्या वार्षिकात आला तेव्हा मी त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते, मुद्रितं मीच तपासली होती. ‘नाही म्हणायला सैन्य लागतं, बघू म्हणायला नुसते कारकून लागतात’ हे सरांचं वाक्य आमच्या पिढीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत लिहून गुण मिळवलेत.

राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर आनंदच झाला. एवढा मोठा माणूस तिकडे बसून, स्वतंत्रपणे, सरांच्याच निष्कर्षाला येतो म्हणजे सर बरोबर होते. परीक्षणात हे लिहायचं, सरांच्या लेखाचा हवाला द्यायचा, की झालं.

७ जानेवारी

नवऱ्याला सांगितलं. तो विमा कंपनीत दावे तपासतो. दुकान जळालं की जाळलं, हे बघणं त्याचं काम.

“स्वतंत्रपणे कशावरून?” तो म्हणाला. “हे महाशय मागे आपल्याकडे परिषदेला आले होते ना? दोन्ही संध्याकाळी मीच त्यांना सरांच्या घरी सोडलं होतं. जेवायला.”

“जेवायला गेले म्हणजे काय चोरी करायला गेले?”

“चोरी कोण म्हणतंय. तुझे सर जेवताना गप्प बसतात का, एवढंच विचारतोय.”

सर झोपेत तरी गप्प बसतात की नाही याची काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, शंका आहे. पण नवऱ्याचा धंदाच असा, त्याला भिजलेल्या काडेपेटीचाही संशय येतो. पुस्तकातले आभार काढून बघितले. ‘त्या प्रदेशातल्या अनेक सहकाऱ्यांशी झालेल्या गप्पा’ असं एक वाक्य आहे. अनेक म्हटल्यावर त्यात सर आलेच.

११ जानेवारी

सरांकडे गेले. सकाळीच जायचं असतं, दुपारनंतर त्यांचं काही खरं नसतं. परवा संध्याकाळी म्हणे त्यांनी काकूंना विचारलं, “आपण कोणत्या खात्यातून आलात?” काकू म्हणाल्या, “स्वयंपाकखात्यातून.” तेव्हा सरांनी उठून नमस्कार केला. काकू हे हसत हसत सांगतात. मीही हसले आणि मग खिडकीबाहेर बघत बसले.

सर प्राध्यापक होण्याआधी परराष्ट्र खात्यात इतिवृत्त लिहायला होते. शेजारच्या बड्या देशाला आमच्या छोट्या देशाचं एक बंदर हवं होतं. त्या वाटाघाटींत सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दोन्ही बाजूंचं बोलणं उतरवून घेत. ‘बघू’ त्या कोपऱ्यात जन्माला आला.

पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा पुसला, अनुक्रमणिका वाचली, मधली दोन-तीन पानं वाचली.

“बारके,” ते म्हणाले. मी पन्नाशीला टेकले, अंगानेही चांगली भरले, तरी त्यांच्या लेखी मी बारकीच. “आपल्या बघूला यांनी कोट-टाय घातलाय. बरा दिसतोय.”

“तुम्हाला राग नाही आला, सर?”

“कोट माझ्याकडे नव्हता ना.”

काकू हात पुसत बाहेर आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण पुस्तक उलटंपालटं करून त्यांनी नेमका प्रश्न विचारला. “ह्यांचं नाव कुठंय यात?”

मी सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, “मग आणव. मोठं नको, एका ओळीत असलं तरी चालेल. पण ह्यांना वाचून कळतंय तोवर यायला हवं. नंतर आलं तर मी काय त्याची आरास करू?”

मी शब्द दिला. देताना अजिबात जड गेलं नाही.

२० जानेवारी

विभागप्रमुखांना भेटले. त्यांना आम्ही ‘परिपत्रक’ म्हणतो, कारण ते ‘उपरोक्त विषयान्वये’ म्हटल्याशिवाय पाणीसुद्धा मागत नाहीत. विद्यापीठाने प्रकाशकाला औपचारिक पत्र लिहावं, अशी विनंती केली. परिपत्रकांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली, टाचण करून ठेवायला सांगितलं, “योग्य स्तरावर ठेवतो, बघू या,” म्हणाले.

बरं वाटलं. मला वाटलं होतं सरळ नकारच देतील.

३ फेब्रुवारी

परीक्षण परत आलं. नियतकालिकाच्या संपादकांचं म्हणणं असं की सरांचा लेख संदर्भ म्हणून धरता येत नाही. विभागाच्या वार्षिकाला क्रमांक नाही, ते कुठल्या सूचीत नाही, इंटरनेटवर नाही, वाचकाला पडताळता येणार नाही. शिवाय भाषा.

मी कळवलं की लेखाचं इंग्रजी भाषांतर मी करते, तुम्ही छापा, मग पडताळता येईल. दोन तासांत उत्तर आलं. यापूर्वी प्रकाशित झालेलं साहित्य ते छापत नाहीत.

म्हणजे लेख छापलेला नाही म्हणून त्याचा हवाला नको, आणि छापलेला आहे म्हणून तो छापायचा नाही. मी हे दोनदा वाचलं. मग नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “आमच्या कंपनीत असं लिहिणाऱ्याला बढती मिळते.”

सरांचं नाव काढून टाकून परीक्षण पुन्हा पाठवायला सांगितलंय. पाठवलं नाही. त्याऐवजी थेट त्या प्राध्यापकांनाच लिहिलं. चार वेळा खोडलं. आधी फार कडक झालं, मग फार लाचार. शेवटी मधलंच काहीतरी पाठवलं.

१९ फेब्रुवारी

उत्तर आलं. लांबलचक आणि इतकं आपुलकीचं की मलाच लाजल्यासारखं झालं. त्यांना सर आठवतात. काकूंच्या हातचं जेवणही आठवतं. ‘इतका रंगवून सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही, अजूनही ते किस्से सांगतात का?’ असं विचारलंय. लेखाबद्दल त्यांना कल्पना नव्हती, वाचता येत नाही याचं वाईट वाटलं. आणि पुढे खरी बातमी. आता ते दुसरं पुस्तक संपादित करतायत. वेगवेगळ्या देशांतले अभ्यासक एकेक प्रकरण लिहिणार. आमच्या देशावरचं मी लिहावं. ‘तुमच्या सरांचा अनुभव त्यात जरूर यावा.’

मी विभागातून घरापर्यंत पायी आले, बसची वाट बघवेना. नवऱ्याने मेल वाचला.

“अनुभव म्हणतायत,” तो म्हणाला. “विचार नाही म्हणत.”

“तुला माणसाचं चांगलं बघवतच नाही का रे?”

 मग तो म्हणाला, लिही तू, छान लिहिशील. मी काकूंना फोन केला. काकू म्हणाल्या, थांब, सकाळी सांगते त्यांना, आत्ता त्यांना मी कोण तेही नक्की नाहीये.

८ मार्च

लेखकांसाठीच्या सूचना आल्या. सिद्धान्त पहिल्या प्रकरणात, ते प्राध्यापक स्वतः लिहिणार. बाकीच्यांनी आपापल्या देशातला पुरावा द्यायचा. पुरावा म्हणजे मुलाखती, प्रत्यक्ष सहभागी असलेल्या लोकांच्या.

दिवसभर तळमळले आणि संध्याकाळी भाजी चिरताना युक्ती सुचली. लेख चालत नाही ना? मग माणूस आणते. सर त्या वाटाघाटींत प्रत्यक्ष हजर होते. त्यांची मुलाखत घ्यायची. जे लेखात आहे तेच त्यांच्या तोंडून यायचं, आणि ते कुणाला नाकारता येणार नाही. पुढच्या दारातून येऊ देत नाहीत तर मागच्या दारातून आणायचं. आपल्यालाही थोडा बघू जमतो म्हणायचं.

आणखी तिघं ठरवलेत. बंदराचे निवृत्त अधिकारी, तेव्हाच्या मंत्र्यांचे खासगी सचिव आणि नकाशा कचेरीतले एक मोजणीदार.

२५ मार्च

तिघांच्या मुलाखती उरकल्या. बंदरवाले अजून घाबरतात, सचिवांना सगळं आपणच केलं असं वाटतं, मोजणीदारांना ऐकू येत नाही.

आज सर. सकाळी आठला गेले. काकूंनी त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसवलं होतं. रेकॉर्डर लावला आणि सर सुरू झाले, आणि मी पुन्हा वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले.

बड्या देशाला बंदर हवं होतं. आमचे मंत्री पहिल्याच बैठकीत म्हणाले, तत्त्वतः मान्य. पाहुणे खूश. मग पाण्याची खोली मोजायची निघाली. आमचे लोक ओहोटीच्या पाण्यापासून मोजतात, त्यांचे सरासरी पाण्यापासून. दोन आकडे जुळेनात. समिती नेमली. समितीला जुने नकाशे हवे झाले, जुने नकाशे तिसऱ्याच देशात होते. तिकडून आले तर मोजपट्टी वेगळी. अशी वर्षं गेली. पाहुण्यांच्या मंत्र्याने एकदा टेबलावर मूठ आपटली, तेव्हा आमच्या मंत्र्यांनी त्यांच्यासाठी पाणी मागवलं आणि इतिवृत्तात लिहायला सांगितलं, ‘चर्चा मनमोकळ्या वातावरणात झाली.’ शेवटी त्यांचं सरकार पडलं. नवं सरकार दुसऱ्या बंदराच्या मागे लागलं.

“आणि त्या दिवशी तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

“काही नाही. मंत्री लवकर घरी गेले. बघ बारके, लढून जिंकलं तर मिरवणूक काढता येते. बघू म्हणून जिंकलं तर गप्प बसावं लागतं. आपण जिंकलो हे समोरच्याला कळलं की पुढच्या वेळी बघू चालत नाही. म्हणून हा सगळा इतिहास बिननावाच्या लोकांचा आहे. पुस्तकात सापडायचा नाही. इतिवृत्तात तर नाहीच, ते मीच लिहायचो.”

चाळीस-पन्नास मिनिटं न अडखळता बोलले. मग पाणी प्यायले आणि मला विचारलं, “तुझं लग्न ठरलं का?” नवरा खाली गाडीत माझी वाट बघत बसला होता. मी म्हटलं, ठरलंय सर. ते म्हणाले, मुलगा पगारी असला तर हो म्हण.

गाडीत बसल्यावर मला हसूही आलं आणि रडूही आलं.

१७ एप्रिल

पहिला मसुदा पाठवला. शिस्तीत केलंय सगळं. माहितगार क्रमांक एक, दोन, तीन, चार. मुलाखत देणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही, हा तर संशोधनपद्धतीचा पहिला धडा, आणि गेली कित्येक वर्षं तो मीच शिकवतेय. नाव फोडणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी नापासही केलंय. सर शेवटी भेटले म्हणून क्रमांक चार.

पद्धतीवरच्या टिपेत सगळं प्रामाणिकपणे लिहिलं. क्रमांक चार यांची स्मृती अधूनमधून दगा देते, तेव्हा त्यांची विधानं बाकी तिघांशी ताडून पाहिली आहेत, आणि ती अचूक ठरली आहेत. ‘अचूक’ लिहिताना अभिमान वाटला.

काकूंचा फोन. “आलं का नाव?” म्हटलं, प्रकरण गेलंय. म्हणाल्या, “म्हणजे आलं का?” म्हटलं, येतंय.

९ मे

संपादनसहायक म्हणून एक मुलगी आहे तिकडे, अतिशय नम्र. तिच्या सूचना आल्या. ‘बघू’ हा शब्द एकदाच, तिरक्या अक्षरांत, ‘स्थानिक बोलीतला शब्दप्रयोग’ अशी तळटीप देऊन वापरावा. पुढे सगळीकडे ‘स्ट्रॅटेजिक डिफरल’, म्हणजे पुस्तकभर एकवाक्यता राहील. आणि संकल्पना जिथे प्रथम येते तिथे प्राध्यापकांच्या पुस्तकाचा हवाला द्यावा.

तो हवाला मीच टाइप केला. सरांच्या कल्पनेपुढे कंसात दुसऱ्याचं आडनाव आणि साल. साल सरांच्या लेखानंतर वीस-बावीस वर्षांचं.

मग संगणकाला शब्द बदलायला सांगितला. त्याने एका फटक्यात सरांच्या तोंडचे बघूही बदलले. ‘नाही म्हणायला सैन्य लागतं, स्ट्रॅटेजिक डिफरल म्हणायला नुसते कारकून लागतात.’ ते तेवढं मी हाताने पूर्ववत केलं. नवऱ्याला दाखवलं तर त्याला हसू आवरेना. मला काही हसू आलं नाही, मी त्याच्यावर ओरडले आणि मग माफी मागितली.

२ जून

आज अख्खं प्रकरण छापून घेऊन वाचलं, पेन्सिल हातात धरून, दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. शेवटच्या पानापर्यंत गेले. सरांचं नाव कुठेही नाही.

असायचं कुठून? लेखाचा हवाला चालत नाही म्हणून काढला, आणि मुलाखतीत नाव द्यायचं नाही म्हणून मीच दिलं नाही. हे मला आज कळतंय. मार्चपासून मी सरांना आत आणतेय आणि आणता आणता त्यांचं नाव मी स्वतःच बाहेर ठेवून आलेय. मी मूर्ख आहे. एवढं शिकलेली, एवढ्या जणांना शिकवलेली आणि एवढी मूर्ख.

लगेच सहायक मुलीला लिहिलं. क्रमांक चार यांना नावानिशी यायचं आहे, त्यांची हरकत नाही, उलट इच्छा आहे.

१२ जून

मुलीचं उत्तर. नाव देता येईल, पण त्यासाठी माहितगाराची समजून-उमजून दिलेली संमती हवी. आणि क्रमांक चार यांची स्मृती दगा देते, असं माझ्याच टिपेत आहे. तेव्हा नाव उघड होण्याचे परिणाम त्यांना कळतात का, हा प्रश्न त्यांच्या विद्यापीठाच्या नीतिसमितीपुढे ठेवावा लागेल.

मी टीप मागे घेते म्हणाले. ती म्हणाली, ते आता योग्य होणार नाही. बरोबरच आहे तिचं. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर मीही हेच म्हणाले असते.

काकूंची सही चालेल का, विचारलं. माहितगार हयात असताना नाही.

हयात नसते तर चालली असती. 

१ जुलै

समितीचा निर्णय. अशा व्यक्तीचं नाव न देण्यातच त्या व्यक्तीचं हित आहे.

शेवटचं म्हणून विचारलं, आभारात तरी? माझे गुरू म्हणून, एक ओळ? मुलीने खरंच वाईट वाटून लिहिलंय असं वाटतं. आभारात नाव आलं तर क्रमांक चार कोण ते कुणालाही ओळखता येईल, म्हणून तेही नको.

मोठ्या प्राध्यापकांनाही लिहिलं होतं. ते प्रवासात आहेत. आल्यावर निवांत बोलू, असं त्यांच्या वतीने कुणीतरी कळवलंय. परिपत्रकांकडे गेले तर ते माझं अभिनंदन करायला लागले. विभागाच्या अहवालात माझं प्रकरण ‘आंतरराष्ट्रीय पातळीवरील उल्लेखनीय कामगिरी’ म्हणून आधीच गेलंय. जानेवारीतलं टाचण कुठवर आलं, विचारलं. कुठलं टाचण, म्हणाले.

नवरा म्हणतो, काढून घे प्रकरण. सरळ सांग, नाव नसेल तर मीही नाही.

“आणि मग? मग सर अजिबातच नसतील त्यात. निदान त्यांचे शब्द तरी आहेत.”

“शब्द आधीच्या पुस्तकातही होते की,” तो म्हणाला.

 प्रकरण मी काढलं नाही. का काढलं नाही, हे स्वतःला विचारतेय. सरांसाठी, असं म्हणायचं आहे. पण मुखपृष्ठाचा नमुना आला तेव्हा मी आधी माझं नाव शोधलं होतं.

२३ ऑगस्ट

सर न्हाणीघरात पडले. हाड मोडलं नाही, पण आठवडाभर रुग्णालयात होते आणि तिथून आल्यापासून सकाळही धड राहिलेली नाही. कधी तासभर असते, कधी नसतेच. वाचतात मात्र. औषधाच्या खोक्यावरचं, कॅलेंडरवरचं, काहीही. काकू म्हणतात, वाचलेलं कळतं त्यांना, आपण नाही कळत.

“पुस्तक कधी येतंय गं?”

“येईल काकू, नोव्हेंबरात.”

“नाव आहे ना त्यात?”

दारात उभी होते, चपला पायात होत्या. “त्यांचं बोलणं आहे काकू, चांगली दोन पानं,” म्हटलं. त्या म्हणाल्या, “दोन पानं? मी एकच ओळ मागितली होती.” आणि किती दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला. मी जिना उतरले. पुढचं सांगायला परत वर जावं लागलं असतं, गेले नाही.

१६ नोव्हेंबर

पुस्तक आलं. या वेळी शिपायाने बरोबर माझ्याच टेबलावर आणून ठेवलं. चांगलं जाड आहे. घरी नेलं, नवऱ्याने हातात घेऊन वजन बघितलं.

काकूंना आज सांगायचंच, असं ठरवलंय. उद्या.

१७ नोव्हेंबर

लिहिते तसंच, झालं तसं.

आठला पोचले. सर खुर्चीत होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला ओळखलं नाही, पण बसा म्हणाले. पुस्तक बघून हात पुढे केला. काकू समोरच्या स्टुलावर चष्मा लावून बसल्या, ज्या पुस्तकातलं एक अक्षर त्यांना वाचता येणार नाही त्यासाठी.

सरांनी माझं प्रकरण अगदी सुरुवातीपासून वाचलं. ओळीखाली बोट ठेवून, सावकाश, ओठ हलवत. मध्ये एकदा माझी एक चूक दाखवली, बंदराच्या कराराच्या मसुद्यातलं कलम सहा नव्हे, सात. दुरुस्ती बरोबर होती. मग ते त्या पानांवर आले. मूठ आपटलेली, पाणी मागवलेलं. सर हसले. खूप दिवसांनी त्यांना असं हसताना बघून काकूही हसायला लागल्या, कशाला ते न कळता. ‘नाही म्हणायला सैन्य लागतं’ ते त्यांनी मोठ्याने वाचलं आणि मांडीवर थाप मारली.

“हा चार नंबरचा कोण आहे?” त्यांनी विचारलं.

मी सांगणार तोच ते पुढे बोलू लागले.

“याला कळलंय. बाकीचे तिघं नोकरी करत होते, याचं लक्ष होतं. सगळं पुस्तक याच्या या दोन पानांवर उभं आहे बघा. आणि याला नुसता नंबर?”

“सर, ते तुम्हीच आहात.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तोंडी परीक्षेत कुणी ठोकून दिलं की असंच बघायचे, न रागावता.

“नाही हो. मी असतो तर नाव असतं ना.”

काकू विचारत होत्या, काय म्हणतायत, सापडलं का? मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. ‘सांगते काकू’ एवढंच म्हणाले.

सरांनी कागद मागितला. या माणसाला पत्र घालायचंय म्हणाले, घ्या लिहून. इतिवृत्तवाल्या जुन्या आवाजात सांगत गेले आणि मी लिहीत गेले. ‘महोदय, आपले नाव मला ठाऊक नाही, कारण ते छापलेले नाही. आपले विवेचन वाचले. या विषयावर इतके नेमके मी आजवर वाचलेले नाही. प्रकरणाच्या लेखिका बहुधा माझ्या विद्यार्थिनी आहेत. त्यांनी आपले नाव द्यायला हवे होते. मी तसे शिकवले होते, असे मला वाटते. त्यांच्या वतीने मी आपली क्षमा मागतो.’

मग कागद माझ्याकडून घेतला, मांडीवर पुस्तक ठेवून त्यावर धरला आणि खाली सही केली. सही नव्हे, पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, स्वच्छ. ते काकूंना वाचता आलं. त्यांनी कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “हे बघ, आहे की.”

सरांनी मला त्या माणसाचा पत्ता विचारला. मी म्हटलं, आहे माझ्याकडे, मी टाकते.